सात किलोंची रंगीत तालीम

घड्याळजींनी उभा जन्म डोळ्याला भिंग लावून नखाएवढी चाकं बघण्यात घालवला होता. साठी आली तशी त्यांच्या मनाने घेतलं, की आता काहीतरी मोठं बघायचं. दऱ्याडोंगरांचे फोटो काढायला त्यांना भात्याचा लाकडी कॅमेरा हवा होता. पोस्टकार्डाएवढी फिल्म घेणारा, पण घडी करून पाठीवर नेता येईल असा.

बायको रुग्णालयात परिचारिका. तिने अट घातली. "आधी पंधरा दिवस कॅमेऱ्याएवढं वजन एकट्याने टेकडीवर न्या-आणा. कंबर धरली तर विषय बंद. गेल्या वेळी तुम्हाला पलंगावरून उठवताना मलाच घाम फुटला होता."

कॅमेऱ्याच्या वजनाची घरात एकच वस्तू निघाली, इस्त्री. लेन्स म्हणून मिठाने भरलेला डबा आणि कॅमेरा उभा करायचं तिकाटणं म्हणून घडीचं स्टूल. सगळं मिळून सात किलो. दुकानदाराने दोन लेन्स बाजूला ठेवल्या होत्या. नव्वद मिलिमीटरची, जिच्यात अख्खी दरी मावेल आणि दीडशेची, जिच्यात बेताचंच मावेल. कुठली घ्यावी हे ठरवायला घड्याळजींनी पुठ्ठ्याची चौकट कापली होती. डोळ्याजवळ धरली की नव्वदचं दृश्य, लांब धरली की दीडशेचं. चौदा दिवस वजन बिनतक्रार वर गेलं, लेन्सचं घोडं मात्र अडलेलंच होतं.

पंधराव्या सकाळी त्यांनी स्टुलावर इस्त्री मांडली, डोक्यावरून काळा पडदा घेतला आणि डोळ्याला भिंग लावून वाकले. अर्धवट काम त्यांना खपत नसे. मागे वीस पावलांवर गावाची पाण्याची टाकी होती. तिचा नवा रखवालदार आजच कामावर आला होता.

"कोण आहे आत?"

"बाजूला व्हा, उजेड अडतोय."

रखवालदाराने पडदा उचलला. "ही इस्त्री कशाला?"

"कॅमेरा आहे तो."

"मग वायर कसली लोंबतेय?"

"तिच्याकडे लक्ष देऊ नका. कॅमेऱ्याला ती नसते."

रखवालदाराने डबा उघडला. आत पांढरी पूड. "आणि हे?"

"लेन्स."

रखवालदाराने पुडीकडे पाहिलं, मग टाकीकडे, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "साहेब येईपर्यंत जागचं हलायचं नाही!"

घड्याळजी कायद्याला भिणारे. ते होते तसेच, ओणवे राहिले. साहेबांनी फोनवरच टाकी बंद करायला सांगितली. खाली घरोघरचे नळ गेले आणि त्यात घड्याळजींच्या बायकोचाही गेला, ऐन डोक्याला साबण लावलेला असताना. पाठोपाठ तिला टेकडीवरून फोन आला.

ती डोक्याला टॉवेल गुंडाळून टेकडीवर आली. तोवर पोचलेल्या साहेबांसमोर चिमूटभर पूड जिभेवर ठेवून म्हणाली, "आमचंच मीठ आहे. सोडा पाणी."

पाणी सुटलं, पण घड्याळजींना सरळ होता येईना. अर्ध्या तासात कंबर धरली होती. पंधरावा दिवस हातातोंडाशी येऊन गेला, या विचाराने त्यांना अगदी रडू आलं.

बायकोने इस्त्री, डबा, स्टूल पिशवीत भरून पिशवी पाठीला लावली. चौकट उचलताना सहज डोळ्याजवळ धरली आणि तिथेच थांबली. पंचवीस वर्षं टेकडीखाली राहून ती कधी वर आली नव्हती.

"अहो, केवढी ही दरी!" ती म्हणाली. "अशी जवळ धरली की सगळी येते."

उतरल्यावर ती घराकडे वळलीच नाही. एका हाताने नवऱ्याला सावरत तिने कॅमेऱ्याचं दुकान गाठलं.

"अगं, पण अट?"

"वजन खाली आलं ना? माझी कंबर कुठे धरलीय?" मग ती दुकानदाराला म्हणाली, "तो लाकडी कॅमेरा द्या. आणि नव्वदची लेन्स."

"पावती कुणाच्या नावाने करू?"

घड्याळजींनी उत्तर द्यायला मान वर करायची खटपट केली. गल्ल्याच्या कडेपर्यंत मान आली, तोवर बायकोने आपलं नाव सांगून टाकलं होतं.