कांबळेबाईंची खिडकी

कचेरीत बसून डोक्यावर छत्री उघडणारी बाई मी तरी एकच पाहिली. आमच्या कांबळेबाई. इंग्रजांच्या काळातल्या आमच्या कचेरीची दुरुस्ती निघाली, तीही कामकाज बंद न ठेवता. वर सुतार जुने वासे काढताहेत, खाली आम्ही दाखले देतोय. वरून चुन्याचे पोपडे पडायला लागले की बाई डाव्या हाताने छत्री धरायच्या आणि उजव्याने शिक्का मारायच्या.

बाई नियमाच्या पक्क्या. कोणी चहा पुढे केला की, "नियमात बसत नाही." मी नातवाच्या बारशाचे पेढे वाटले, तर नातवाचं इथे काही काम अडलंय का, असं त्यांनी आधी विचारलं.

त्यांची जागा व्हरांड्याकडच्या गजांच्या खिडकीत. त्या खोलीचं छप्पर उतरवायची वेळ आली तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी बाईंचं टेबल मागच्या खोलीत हलवलं. त्या दिवशी संध्याकाळी शिपाई सहज बोलून गेला, की कापडे गावची म्हातारी आली होती, खिडकी बंद बघून परत गेली.

बाईंचा चेहराच उतरला. त्या आजीची पेन्शन निराधारांची. वर्षातून एकदा समोर येऊन हयात असल्याचं दाखवलं नाही, तर ती बंद. शिवाय आजीला दिसतं अंधुक. व्हरांड्याची भिंत चाचपत यायचं आणि गज हाताला लागला की हाक मारायची, एवढीच कचेरी तिला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टेबल व्हरांड्यात आणून टाकलं आणि बंद खिडकीच्या गजांना पाठ लावून बसल्या. हे नियमात बसत नाही, असं साहेबांनी समजावलं. बाई ढिम्म हलल्या नाहीत. कापड्याकडे जाणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याजवळ निरोप दिला. तो पोचला की नाही, कळेना. मुदत संपत आली तशा बाई आमच्यावर विनाकारण खेकसू लागल्या. मलाही धाकधूक वाटायला लागली.

मग एका सकाळी भिंत चाचपत एक हात आला आणि गजाऐवजी बाईंच्या खांद्याला लागला.

"बाय, हायस ना गो? मला वाटला, कचेरीच उचलून नेली."

"आहे, आजी. मी कुठे जाते?"

शिक्का बसला आणि माझा जीव भांड्यात पडला. जाताना आजीने पदराखालून एक फडकं काढून टेबलावर ठेवलं. मी कान टवकारले. बाईंनी ते उचलून खणात ठेवलं.

दुपारी पाहतो तर एका हातात छत्री धरून बाई त्या फडक्यातली नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खात होत्या. मला राहवलं नाही.

"बाई, हे नियमात बसतं?"

त्यांनी सावकाश घास गिळला.

"घरी मला कोण भाकरी थापून देतं हो?"

वरून माती पडतच होती. त्यांच्या हातातली छत्री मी घेतली आणि त्यांचं जेवण होईपर्यंत धरून उभा राहिलो.