आधी हार, मग मार

आख्ख्या बुवापाड्यात स्लाइड बनवता येणारा माणूस एकच. मी, प्रमोद! कुठल्या क्लासला गेलो नाही, कुणाच्या पाया पडलो नाही. कंपनीत खोके पॅक करता करता मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. फी भरून शिकलेले अजून मला विचारतात, "प्रमोदभाऊ, अक्षर मोठं कसं करायचं?" आधी अक्कल मोठी करा म्हणावं! असो. माझं तोंड सुटलं की सुटलं.

तर भानगड खोलीची. आमच्या बुद्धविहाराला लागून नगरपालिकेने एक खोली बांधली. पोरांच्या अभ्यासिकेसाठी. फीत कापली, पेढे वाटले आणि कुलूप लागलं ते लागलंच. चावी माजी नगरसेवक भगवंतशेठच्या खिशात. आत पुस्तकं? छे! शेठचे जुने बॅनर! म्हणजे शेठचे फोटो पंख्याखाली आणि पोरं जिन्यात. आमच्या चाळीतली मनाली यंदा बारावीला आहे. जिन्याच्या दिव्याखाली बसून ती केमिस्ट्री करते आणि वर जाणारा प्रत्येक जण तिच्या वहीवर आपल्या चपलेचा फॉर्म्युला उमटवून जातो. डोकं फिरणार नाही तर काय होणार?

मी ठरवलं, नगरपालिकेच्या साहेबांना आणि शेठला एकाच स्टेजवर बसवायचं आणि पडद्यावर सगळं दाखवायचं. दोघेही यायला तयार झाले. निवडणूक जवळ आली की शेठ कुत्र्याच्या बारशालाही येतात.

"बेत ऐक," मी मायाला, म्हणजे आमच्या घरच्या विरोधी पक्षाला म्हणालो. "आधी हार, मग मार! शाल, नारळ, गोड गोड बोलणं. मग हळूच स्लाइड सुरू."

"आणि शेठ मधेच उठून गेले तर?"

"जातील कसे? मांडीवर नारळ असेल!"

लॅपटॉप उल्हासनगरहून आणला. सेकंडहँड. एक बटण जागेवर नव्हतं. दात पडलेल्या पोरासारखा तो माझ्याकडे बघून हसत होता.

"हे कोपऱ्यातलं बटण?" मी दुकानदाराला विचारलं.

"एस्केप? अरे साईं, वो कोई नहीं दबाता! बाकी देखो ना, मक्खन!"

घेतला मक्खन.

घरी तालीम केली. सॉफ्टवेअरमध्ये तालमीचं वेगळं बटणच असतं. ते दाबलं, पहिल्या स्लाइडवर चहा संपेपर्यंत रेंगाळलो आणि बाकीच्या सगळ्या भराभर पुढे नेल्या. भाषण काय, मला पाठच होतं! शेवटी त्याने विचारलं, "हे टायमिंग जपून ठेवू का?" घरात मला इतक्या अदबीने कोणी काही विचारत नाही. म्हटलं, ठेव बाबा! शेजारी आणखी एक चौकोन होता, संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यातही टिक केली. फुकट मिळतंय ते सोडतो कोण?

कार्यक्रमाच्या दिवशी विहाराच्या अंगणात ही गर्दी. स्टेजवर खुर्च्या, खुर्च्यांच्या मागे पांढरी चादर, तोच पडदा. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर खाली टेबलावर. पाहुणे येताना पडद्यावर काहीतरी भारदस्त दिसावं म्हणून पहिली स्लाइड लावून ठेवली. "संकल्पना व सादरीकरण : प्रमोद" आणि खाली माझा फोटो. जरा मोठाच.

"माया, तू इथे बस. पण कशालाही हात लावायचा नाही!"

"कशालाही?"

"कशालाही!"

मी स्टेजवर जाऊन माइक धरला. वंदना झाली, सत्कार सुरू झाले. आता आमच्याकडे सत्कार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. साहेबांचा, शेठचा, शेठच्या साडूचा, साहेबांना घेऊन येणाऱ्या रिक्षावाल्याचा! एकाला गाळलं तर तो पुढच्या भांडणात काढतो.

"आपल्या वॉर्डाचे आधारस्तंभ, भगवंतशेठ!" मी ओरडलो.

आणि पब्लिक हसलं! पोट धरून हसलं! मला वाटलं, काय आवाज लागलाय आपला! शेठनाही बरं वाटलं. ते हात जोडून उभे राहिले.

मागे पडद्यावर तेव्हा खिडकीतून काढलेला फोटो होता. शेठचा बॅनर, आणि बॅनरवरच्या शेठच्या कपाळावर बसलेला उंदीर.

मला काय माहीत? माझीही पाठ तिकडेच! टायमिंग जपलेल्या स्लाइड आपल्या आपण निघाल्या होत्या. मी साहेबांना शाल घालत म्हटलं, "कामात वाघ असणारे आपले साहेब!" मागे स्लाइड आली, "साहेबांना भेटायला गेलो. साहेब जेवायला गेले होते. बहुतेक अजून जेवतायत." पुन्हा हशा! शिट्ट्या! साहेब लाजले. म्हणाले, "लोकांचं फार प्रेम आहे हो!"

खालून माया हातवारे करत होती. मला वाटलं, भाषण आवडलं. मीही हात हलवला. तिने कपाळावर हात मारला आणि हाताची घडी घालून बसली.

मग पडद्यावर आलं, "चावी द्या! चावी द्या!" ही स्लाइड मी घोषणेसाठीच बनवली होती. पब्लिकने वाचली आणि उचलली. महिला मंडळाच्या बनूबाई तर उभ्याच राहिल्या. "चावी द्या! चावी द्या!" सगळं अंगण दणाणलं.

गळ्यात हार, अंगावर शाल, समोर टाळ्या! अशा वेळी माणूस किडनीसुद्धा देतो. शेठनी माझा माइक ओढला. "जनतेची इच्छा हीच आपली इच्छा! ही घ्या!" असं म्हणून खिशातल्या जुडग्यातून चावी काढली आणि बनूबाईंच्या हातात दिली. साहेबही जोशात आले. "परवानगीचं माझ्याकडे लागलं!"

काम फत्ते! आणि नेमकं तेव्हाच शेठ फोटोसाठी वळले.

पडद्यावर स्लाइड होती, "जनतेच्या खोलीवर नाग होऊन बसलेला हा कोण?"

"ए! काय आहे हे?"

"टेक्निकल प्रॉब्लेम, शेठ!" मी स्टेजवरून उडी मारली. स्लाइड बंद करायचं कोपऱ्यातलं बटण दाबायला गेलो, तिथे नुसतं भोक! एंटर दाबलं, पुढची स्लाइड : "उत्तर : भगवंतशेठ." स्पेस दाबला, शेठची दाढीमिशा रंगवलेली आवृत्ती. घाबरून आणखी एक दाबलं तर सगळं संपून पुन्हा पहिल्यापासून! गुन्हेगार कोण, हे शेठ विचारणार तेवढ्यात पडद्यावर नावासकट मीच. हसताना.

"चावी दे इकडे!" शेठ बनूबाईंवर ओरडले.

बनूबाईंनी चावी कनवटीला खोचली. "दिलेलं दान परत मागतात काय, शेठ? हात घालून बघा!"

आख्ख्या महिला मंडळासमोर हात घालणारा अजून जन्मायचाय. शेठ शालीसकट गेले. नारळ विसरले.

मी मायावर खेकसलो, "बघत काय बसलीस? बंद का नाही केलंस?"

"तुम्हीच म्हणालात, हात लावायचा नाही." असं म्हणून तिने शांतपणे प्लग काढला.

अभ्यासिका सुरू झाली. मनाली आता पंख्याखाली बसते. पण माझं भाषण राहिलंच ना! उद्घाटनाला मी पुन्हा लॅपटॉप घेऊन गेलो. या वेळी चूक नाही. स्लाइड पुढे सरकवणाऱ्या सगळ्या टिकच्या खुणा काढून टाकल्या. सगळ्या!

पहिली स्लाइड लागली. मी माउस दाबला. हलेना. पुन्हा दाबला. हलेना. नंतर कळलं, माउसने सरकवायची खूणही मीच काढली होती! भिंतीवर हा एवढा माझा फोटो, खाली वंदनेच्या मेणबत्त्या, फुलं, आणि शिस्तीत बसलेली गप्प माणसं. मी टेबलाखाली वायरी तपासत होतो.

तेवढ्यात लेकीकडे चामटोलीला गेलेल्या बनूबाई उशिरा पोचल्या. दारातच थबकल्या. भिंतीकडे बघितलं, मेणबत्त्यांकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

"अरे प्रमोद्या रे! परवापर्यंत तर बडबडत होतास रे! तोंडाचा फाटका होतास, पण मनाचा राजा होतास रे!"

मी टेबलाखालून डोकं वर काढलं. बनूबाईंनी अशी किंकाळी फोडली की दोन मेणबत्त्या विझल्या.

"आता तरी लावू का हात?" मायाने विचारलं.

"थांब जरा," मी हळूच म्हणालो. "अजून काय चांगलं बोलतात ते ऐकू दे."