कॅमशाफ्टच्या परवानगीने

वसंता मगदूमच्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन ही रीतसर नोंदलेली सहकारी संस्था होती, त्यामुळे त्यातला साधा नटसुद्धा सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय बदलता येत नसे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले बाकीचे मेकॅनिक पाना उचलून थेट कामाला लागत. वसंता आधी चौदा दिवसांची नोटीस काढून गॅरेजच्या भिंतीला डकवायचा.

यंदा सभेपुढं विषय एकच होता: आठ हायड्रॉलिक टॅपेट काढून त्या जागी सॉलिड, म्हणजे बिनतेलाचे भरीव टॅपेट बसवणे. हायड्रॉलिक टॅपेट म्हणजे कॅमशाफ्ट हा फिरता दांडा आणि तो उघडतो ते व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बसलेली तेलाची छोटी डबी. दोघांत जरा कुठं फट पडली की ती तेल पिऊन फुगते आणि फट बुजवून टाकते. आठही जण स्वभावाने फार भले. आवाज नाही, तक्रार नाही. पण इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या पुढं गेलं की त्यांचा भलेपणा हाताबाहेर जाई. ते नको इतके फुगत, व्हॉल्व्ह पुरते मिटत नसत, आणि चारशे मीटरच्या शर्यतीत ऐन शेवटी गाडीचा दम तुटे. गाडी चालवायची वसंताची धाकटी बहीण शामल. ती अशीच सलग दोन वर्षं पहिल्या फेरीत हुपरीच्या अजिंक्य भोपळेकडून हरली होती. तिसऱ्यांदा पहिल्याच फेरीत हरणाऱ्या गाडीला पुन्हा प्रवेश नाही, असा आयोजकांचा नियम होता.

शर्यत रविवारी होती. सभा गुरुवारी भरली.

वसंताने इंजिनाचं वरचं झाकण काढलं आणि फडक्याला हात पुसून विषय मांडला. अध्यक्षस्थानी कॅमशाफ्ट होता.

एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हने हरकत घेतली. "सॉलिडवाल्यांना म्हणे मध्ये फट लागते. म्हणजे सतत टिकटिक. आम्ही राहायचं कसं?"

"केसाएवढी फट असती," वसंता म्हणाला. "गेजची पट्टी घालून मी स्वतः लावून देतो. दर शर्यतीनंतर परत तपासतो."

"आणि विसरलात तर?"

"मी विसरत नाही."

हे मात्र सगळ्यांना मान्य होतं. मग स्प्रिंगा बोलल्या. व्हॉल्व्ह मिटवायचं काम त्यांचं. "आम्ही ओढून ओढून मेलो, आणि हे मधे फुगून बसतात. कुणाला म्हणून नाही म्हणत नाहीत!"

टॅपेटांना त्यांचं म्हणणं विचारण्यात आलं.

"सगळ्यांची सोय होईल तसं करा," ते म्हणाले. "आम्ही जुळवून घेऊ."

"बघा, म्हणजे त्यांना जायचं नाही," व्हॉल्व्ह म्हणाला.

"तेही बरोबरच आहे," टॅपेट म्हणाले.

मतदान झालं. टॅपेटांनी ठरावाच्या बाजूनेही मत दिलं आणि विरोधातही. अध्यक्षांनी त्यांची मतं बाद केली. स्प्रिंगांच्या जोरावर ठराव मंजूर झाला. वसंता पाना घ्यायला वळला.

"थांबा," कॅमशाफ्ट म्हणाला. "माझी घडण या तेलवाल्यांच्या मापाची आहे. सॉलिड टॅपेट माझ्याखाली चालणार नाहीत. त्यांना बसवायचं तर मलाही उतरवावं लागेल, आणि विषयपत्रिकेत तसं काही लिहिलेलं नाही."

नवा कॅमशाफ्ट आणून वसंताने कपाटात ठेवला होता, पण विषय लिहायचा राहून गेला होता. नवी नोटीस म्हणजे आणखी चौदा दिवस.

"मी विसरत नाही म्हणं," शामल म्हणाली. ती स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. "दादा, खालचा विषय वाच की."

"कुठला?"

"सगळ्यात खालचा. दरवेळी लिहितोस आणि कधी वाचत नाहीस."

वसंताने वाचलं, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय."

"आहे का कुणाचा विषय?" कॅमशाफ्टने नियमाप्रमाणे विचारलं.

"माझा आहे," शामल म्हणाली. "अध्यक्षसाहेबांना उतरवायचं."

परवानगी द्यायची होती ती कॅमशाफ्टलाच. वसंताला वर बघवेना.

"उतरवून ठेवणार कुठं?" अध्यक्षांनी विचारलं.

"वहिनीच्या गाडीत. तिचं इंजिन याच जातीचं आहे. ती बाजारात जाती, माहेरी जाती, पण चार हजाराच्या वर कधी जात नाही."

"ही आठ मंडळी?"

"तुमच्याबरोबर."

"वहिनी गियर कसा टाकतात?"

शामलने भावाकडं पाहिलं. भावाने मान खाली घातली.

"दुसऱ्यातनं थेट चौथा," ती म्हणाली.

कॅमशाफ्टने थोडा विचार केला. "मग तिथं सांभाळून घेणारी माणसं लागतील. परवानगी आहे."

टॅपेटांनी या वेळी एकाच बाजूने मत दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला आणि वसंताने शनिवारी संध्याकाळी नव्या मंडळींना आठही फटी लावून जागा दिल्या.

रविवारी जुन्या धावपट्टीवर हुपरीची गाडी आधी सुटली. सुरुवातीच्या रेषेवर उभा असलेला वसंता डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होता. साडेसहा हजार. इथंच दोन वर्षं आवाज घोगरा व्हायचा. आता तो चढला. सात झाले, साडेसात झाले, तरी चढतच गेला, आठाच्या पुढं जाऊन पत्रा फाडल्यासारखा सरळ वाजू लागला. लोक ओरडले तेव्हा वसंताने डोळे उघडले. शामलची गाडी अख्ख्या बॉनेटने पुढं होती. त्याला शिट्टी वाजवता येत नसे, पण त्याने वाजवली.

तो धावत पलीकडं पोचला तेव्हा आयोजक खिडकीशी वाकले होते. "बाई, गाडी बंद करा की! पुढच्या फेरीचा नंबर घ्या."

"आत्ता नाही बंद करता येणार," शामल म्हणाली. "आत अभिनंदनाचा ठराव चाललाय."

"मांडला कुणी?"

"नव्या अध्यक्षांनी."

आयोजकांनी बॉनेटला कान लावला. आत आठ जण टिकटिक, टिकटिक टाळ्या वाजवत होते. आयोजकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि ठराव मंजूर होईपर्यंत वसंताच्या शेजारी उभे राहिले.