चार्ज दिल्याशिवाय राज्य सुटत नाही

चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात बाबूगिरी केली, पण एक काम कधी अर्ध्यात सोडलं नाही! त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीकडं तीन महिने ड्युटी लागली. सोबतचे चौघं आजारपणाचे दाखले जोडून नांदेडला परत आले, मी एक दिवस रजा टाकली नाही. हे मी अभिमानानं सांगतो. घरच्यांना तर रोजच सांगतो. तेच नडलं.

माझी पोरगी बुद्धप्रिया लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करत होती. दोनदा परीक्षा दिली, दोनदा नंबर हुकला. म्हणाली, "बाबा, बास आता. मी नांदेडला बी.एस्सी. करते."

"या केरबाच्या घरात अर्ध्यात सोडायची पद्धत न्हाई! तिसऱ्यांदा बस."

पोरगी म्हणाली, "बसते. पण तुम्ही फोनवरचा एक खेळ शेवटपर्यंत खेळून दाखवा. मधीच सोडला तर मीबी क्लास सोडणार. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. खेळ तो काय, आणि तो सोडायचा काय!

तर खेळ असा. बारा माणसं, बारा राज्यं. प्रत्येकानं रोज एकच चाल करायची. लढाई लागली की मात्र दिवसभर सैनिक मरत राहतात. मला वाटलं, कालव्याचं पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचवलेला माणूस मी, मला कोण हरवतो! अठराव्या दिवशी माझ्या चार किल्ल्यांपैकी एक उरला. बाकीचे तीन किनवटच्या शारिक नावाच्या मास्तरांनी घेतले. त्यांचं तोंडसुद्धा मी कधी पाहिलेलं नाही! माझ्या बाजूनं एकच राणी होती, बिलोलीच्या वहिदाबाजी. शिवणक्लास चालवतात. त्या बिचाऱ्या माझ्यासाठी लढून राहिल्या होत्या.

खरं सांगतो, सकाळी फोन उघडायला भ्या वाटू लागलं. सोडावं तर पोरगी क्लास सोडणार. न सोडावं तर रोज मार. शेवटी नियमांचं पान काढलं. हरत असलेला डाव कधी सोडता येतो, ते तिथं दिलेलं होतं. तिसरा नियम वाचला आणि खुर्चीतून उठलोच! 'आपल्या जागी दुसरा खेळाडू दिल्यास डाव सोडला असे धरले जाणार नाही.'

"काय झालं?" बायको कोंडाबाई आतून धावत आली. "पोरीचा नंबर लागला का?"

"न्हाई! माझी बदली झाली!"

"रिटायर माणसाची?"

बायकांना खात्यातलं काही कळत नाही. मी तडक समोरच्या ताहेरभाईंकडं गेलो. ताहेरभाई आमच्याच खात्यात स्टोअरकीपर होते.

"ताहेरभाई, राज्य घेता का?"

"घेतो की. पण चार्जची यादी पायजे. यादीशिवाय मी कोनाकडून भाजीची पिशवी भी घेत न्हाई."

माणूस कसा असावा, तर असा! मी खेळातच यादी टाइप करायला बसलो. चौदा बाबी झाल्या. सैनिक पाचशे. तोफा दोन, पैकी एक नादुरुस्त. बाब नऊ, बोगदा एक, उत्तरेच्या भिंतीखाली, चालू स्थितीत. बाब अकरा, वहिदाबाजींसोबत गुरुवारी करायचा गुप्त हल्ला, प्रलंबित. खाली तारीख, नाव, आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं 'प्रत माहितीस्तव: सर्व संबंधित'. बटण दाबलं. यादी सर्व संबंधितांना गेली. म्हणजे बाराही राज्यांना!

पाच मिनिटांत शारिक मास्तरांचा निरोप. 'साहेब, यादी मिळाली. आभारी आहे. बोगद्याचं तोंड नदीकडून का रस्त्याकडून?'

आणि मी उत्तर दिलं हो! 'नदीकडून.' लेखी विचारलं की लेखी कळवायचं, हात आपोआप चालला!

संध्याकाळी वहिदाबाजींचा फोन. "केरबाभाऊ! गुप्त हल्ला यादीत कोन लिहितं?"

"प्रलंबित कामं लिहावीच लागतात, बाजी!"

"मास्तरनं सावध होऊन माजा भी किल्ला घेतला ना तुमच्या यादीपायी! अठरा दिवस तुमच्यासाठी लढले मी!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, पण त्यांनी फोन ठेवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताहेरभाई चष्मा पुसत आले. माझा फोन हातात घेतला.

"बडेबाबू, यादीत सैनिक पाचशे. इथं तीनशे बारा हायत. बाकीचे कुटं गेले?"

"मेले हो!"

"मेले तर पंचनामा कुटं हाय?"

"ताहेरभाई, शत्रू बोगद्यातून आत आलाय! आधी 'मंजूर' दाबा!"

"मोजनी झाल्याबिगर मी न्हाई दाबत. ही तोफ कवापासून नादुरुस्त हाय?"

तोफेवर अर्धा तास गेला. तीनशे बाराचे नव्वद झाले. शेवटी हात जोडले, तेव्हा त्यांनी बटण दाबलं. फोनवर अक्षरं आली, 'लढाई सुरू असताना जागा बदलता येणार नाही.'

"म्हंजे चार्ज आता कोनाकडं?" ताहेरभाईंनी विचारलं.

"माझ्याकडंच."

"मग मी निघतो," ते म्हणाले आणि निघालेसुद्धा!

दुपारी बाराला फोन वाजला. 'तुमचे राज्य संपले.' मी डोकं धरून बसलो. आता हे सोडलं म्हणायचं का हरलो म्हणायचं? दहा मिनिटं काही उमजेना. मग एकदम लख्ख झालं. सोडू दिलंच कुठं! मी शेवटपर्यंत खेळलो! पैज जिंकली! लगेच बुद्धप्रियाला फोन लावला.

"पोरी, हरलो! पण सोडलं न्हाई! आता तू बी तिसऱ्यांदा बसायचं!"

पोरगी म्हणाली, "हाव बाबा. बसते." लई बारीक आवाजात म्हणाली. मग विचारलं, "कसं वाटलं हो शेवटचे दिवस?"

खोटं बोलणार होतो. नाही बोलता आलं. "लई वाईट. सकाळ झाली की भ्या वाटायचं."

"मला दोन वर्षं झाली, बाबा."

माझे एकोणीस दिवस, तिची दोन वर्षं. चौतीस वर्षांची सगळी ऐट कुठल्या कुठं गेली.

"सामान बांध," मी म्हणालो. "उद्याच्या पहिल्या एसटीनं मी न्यायला येऊन राहिलो."

"येऊ नका बाबा."

"का गं?"

"मी कवाची आपल्या गेटपाशी उभी हाय. आई म्हणाली, आधी त्यांना फोनवर हो म्हणू दे, मग आत ये."

बाहेर पाहिलं. कोंडाबाई पोरीची वळकटी कधीच आत घेऊन आली होती. म्हणाली, "बी.एस्सी.चा फॉर्म मागच्याच आठवड्यात भरला. तुम्ही राज्यात गुंतला होता, म्हणून विचारलं न्हाई."