फार वाईट नसलेले होज

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लिंडवीक गावच्या नगरपालिकेकडे बर्फ उपसायला एकच स्किड लोडर, म्हणजे पुढे दोन लोखंडी हात असलेलं छोटं यंत्र, होता. त्याचे हात उचलणारे दोन्ही हायड्रॉलिक होज, म्हणजे प्रचंड दाबाचं तेल नेणाऱ्या रबरी नळ्या, घासून गेले होते. रबर उडून आतली तारेची जाळी दिसत होती. मेकॅनिक ऑरव्हिल त्वेट याने ते पाहिलं आणि तपासणी-पत्रकात नोंद केली, "फार वाईट नाही."

मिनेसोटात याचा अर्थ 'आजच बदला' असा होतो. तिथे घराला आग लागली तरी माणूस "जरा उबदार झालंय" एवढंच म्हणतो. त्याहून जास्त बोलणं म्हणजे आकांडतांडव. पण पत्रकं वाचणारा संगणक यंदाच बाहेरून आणलेला. त्याने शब्दाला शब्द मानून होजना वर्षभराची मुदतवाढ दिली.

लोडर चालवायचा लेस्टर, ऑरव्हिलचा सख्खा मेव्हणा. फुटक्या होजमधलं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. ऑरव्हिल भांडार सांभाळणाऱ्या डार्लीनकडे गेला.

"डार्लीन, दोन होज हवे होते. म्हणजे, जमलं तर."

"फुटलेत का?"

"अजून नाही."

"मग कसे देऊ रे? फुटका जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही."

"अगं, फुटेल तेव्हा लेस्टर शेजारीच असेल!"

"मग त्यालाच सांग ना जमा करायला. तुझी खेप वाचेल."

ऑरव्हिलने मन घट्ट करून दुसऱ्या पत्रकात लिहिलं, "काळजी वाटते." इतकी अर्वाच्य भाषा कचेरीत आजवर कुणी वापरली नव्हती. सुरक्षा समितीने कॉफी आणि लिंबाच्या वड्या घेत दोन तास विचार केला आणि दोन ठराव केले. एक, ऑरव्हिलला सकारात्मक लेखनाच्या शिबिराला पाठवावं. दोन, गॅरेजात फलक लावावा, 'घासलेल्या होजपासून दहा फूट दूर राहा.'

चालकाची खुर्ची होजपासून तीन फुटांवर होती. सबब, लेस्टरला रोज नियमभंग केल्याबद्दल ताकीद मिळाली.

गुरुवारी उजवा होज फुटला. 'गळतीची नेमकी जागा नमूद करावी' हा नियम लेस्टरला पाठ होता, म्हणून त्याने ती हाताने चाचपली. तेल तळव्यातून आत शिरलं. डॉक्टरांनी हात कोपरापर्यंत उघडला आणि दोन बोटं काढली. ऑरव्हिल इस्पितळाच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला.

डार्लीन बटाट्याचं हॉटडिश, तिकडचं भट्टीत भाजलेलं घरगुती जेवण, घेऊन भेटायला आली. मनाने वाईट नव्हती ती.

"कसा आहेस, लेस्टर?"

"फार वाईट नाही," लेस्टर म्हणाला.

तिने अपघात-पत्रकात ते जसंच्या तसं उतरवलं. संगणकाने अपघात 'किरकोळ' ठरवला आणि जमा केलेल्या एका फुटक्या होजच्या बदल्यात एक नवा होज मंजूर केला. ऑरव्हिलने लोडरचे हात वर करून खिटी अडकवली, दाब सोडला, होज बसवला. मग डाव्या होजची चमकणारी जाळी बघत उभा राहिला.

"डार्लीन, आणि हा?"

"फुटलाय का?"

हसलात ना? आता जरा स्वयंपाकघरात जा. सिलिंडरपासून शेगडीपर्यंत जाणारी ती नारिंगी नळी पुसा आणि तिच्यावर छापलेली मुदत वाचा.

असू दे, असू दे. अजून फुटलेली नाही ना!