खडूच्या रेघेतलं पाणी

स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप फुटला तेव्हा घरात दोनच माणसं होती. बायकोचा चेहरा पडला आणि नवऱ्याचा खुलला.

पाइप फुटल्यावर खुलणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर विमा काढलेला. हा विमा काढलेला. कामाला होता मालाच्या गोदामात सुपरवायझर, पण अख्खी गल्ली त्याला विमाभाऊ म्हणायची. एजंट नव्हे बरं का, नुसता हौशी! जिवाचा विमा, दवाखान्याचा विमा, स्कूटरचा विमा, घराचा विमा, सगळं काढून बसला होता. आणि एवढे हप्ते भरूनही कधी काही होईल तर शपथ! ना आजारपण, ना अपघात, ना चोरी. आतल्या आत त्याला फसवल्यासारखं वाटायचं.

बायकोचं दुःख निराळं होतं. तिला समुद्र बघायचा होता. लग्न झाल्यापासून बघायचा होता. दरवर्षी हा म्हणायचा, "जाऊ की! पण आधी प्रवासाच्या विम्याचं नीट बघू दे." बघता बघता तिचे केस पिकायला लागले. शेवटी यंदा तिनं स्वतःच बसची तिकिटं काढली, वर याच्या समाधानासाठी प्रवासाचा विमाही काढला आणि बॅगा भरून पलंगाशेजारी ठेवल्या. बस उद्या सकाळची, आणि पाइप नेमका आज फुटला.

भाऊंनी धावत जाऊन कॉक फिरवला. कॉक म्हातारा झालेला. धार थांबली, पण ठिबक काही थांबेना. बायको बादली आणि फडकं घेऊन आली.

"थांब! कशाला हात लावायचा नाही!"

"अहो, पाणी आहे ते! पुसायला नको?"

"पाणी नाही, पुरावा आहे. पुसलास तर नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरला काय दाखवू? कोरडी फरशी?"

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर्व्हेअर दुपारी येतील. तोवर जे झालंय त्याचे फोटो काढून ठेवा, पुरावा जपा, आणि नुकसान आणखी वाढू नये म्हणून..." पण भाऊ 'पुरावा जपा' ऐकूनच तृप्त झाले होते. "मला सगळं ठाऊक आहे, ताई," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि खिशातून खडू काढला.

गोदामातली सवय होती ती. माल खराब झाला की भाऊ त्याच्याभोवती रेघ मारायचे आणि वेळ लिहायचे. आता त्यांनी पाण्याच्या कडेकडेनं फरशीवर रेघ ओढली, वेळ लिहिली आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. काम कसं चोख झालं होतं. थोड्या वेळानं पाणी रेघ ओलांडून पुढं गेलं. भाऊंनी दुसरी रेघ मारली.

"निदान ठिबकीखाली बादली तरी ठेवू द्या!" बायको कळवळून म्हणाली.

"बादली म्हणजे ढवळाढवळ. तू काळजी करू नकोस. घराच्या विम्यात भिंती येतात, फरशी येते, आतलं सामानही येतं. जिवाचा विमा आपल्या माघारी. दवाखान्याचा आपण आजारी पडलो तर. आणि आज पाळी घराच्या विम्याची. एकेकाचा दिवस असतो."

"आणि प्रवासाचा विमा? उद्या बस चुकली तर?"

"बस बिघडली, बॅग हरवली, आपण आजारी पडलो, तर मिळतात पैसे. नवरा पाण्याची राखण करत बसला, तर नाही मिळत."

"ते मला कळलंच होतं," बायको म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

तिसरी रेघ कपाटाच्या पायांशी पोचली आणि कपाटाची फळी पाणी पिऊन फुगायला लागली. चौथी रेघ पलंगाखालून गेली आणि तिथं गुंडाळून ठेवलेली गादी भिजली. तेवढ्यात दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरच्या मावशी होत्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्स, आवाज अजून वॉर्डातलाच.

"भाऊ, माझ्या छतातून पाणी पडतंय! माझ्या पलंगावर!"

"अरेरे," भाऊ मनापासून हळहळले. "पण मावशी, तुमचं छत माझ्या पॉलिसीत बसत नाही हो. आपल्यामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो विमा निराळा. स्कूटरला सक्तीचा आहे म्हणून आहे. घराला घेतला नाही मी. म्हटलं, घर काय कुणाला जाऊन धडकणार आहे?"

"धडकलं की माझ्या डोक्यावर!"

"तुम्ही खाली काही पुसू नका. सर्व्हेअर येतीलच."

मावशींनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की इंजेक्शन हातात असतं तर टोचूनच गेल्या असत्या. मग बायकोनं त्यांना हाताला धरून आत नेलं. आत बराच वेळ कुजबुज चालली होती. भाऊ पाचवी रेघ मारण्यात गुंतले होते.

दुपारी सर्व्हेअर आला. शांत, जाड चष्म्याचा माणूस. बूट काढून, पँट दुमडून तो घरभर फिरला. रेघा बघून त्याचे डोळे चमकले.

"हे कुणी केलं?"

"मीच!" भाऊंची छाती फुगली. "सगळ्या वेळा बरोबर आहेत. खोटं असेल तर नाव बदलेन."

"इतकं स्वच्छ काम मी आजवर पाहिलं नाही," सर्व्हेअर म्हणाला. "एरवी किती नुकसान पाइपमुळं आणि किती नंतरच्या हयगयीमुळं हे ठरवताना आमचं डोकं फिरतं. तुम्ही कामच सोपं केलंत. पाइप अचानक फुटला, म्हणून पहिल्या रेघेच्या आतलं सगळं मंजूर."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुम्ही वाढू दिलंत. नुकसान वाढू न देणं हे विमा काढणाऱ्याचं काम असतं, साहेब. फोटो काढायचा आणि पुसून घ्यायचं. फोनवर सांगितलं नाही का?"

पहिल्या रेघेच्या आत काय होतं? सिंकखालचा पाइप, फरशीचा एक तुकडा आणि पायपुसणं. कपाट तिसऱ्या रेघेत, गादी चौथ्या रेघेत. भाऊ मटकन खुर्चीवर बसले. खुर्चीही ओलीच होती.

मग त्यांना एकदम आठवलं. "अगं, बॅगा! बॅगा पलंगाशेजारी होत्या!"

"तुमची आहे तिथंच," बायको दारातून म्हणाली. "पुराव्याला हात लावायचा नाही म्हणालात ना! माझी मी तुम्ही फोनवर होतात तेव्हाच कपाटावर ठेवली."

भाऊंनी आपली बॅग उचलली. तिच्यातून पाणी गळत होतं.

"आणि मावशींचा पलंग भिजलाय," बायको पुढं म्हणाली. "तुमचा विमा त्यांना काही देत नाही, म्हणून मी दिलं. तुमचं तिकीट. नाव बदलून घेतलं मघाशी. आम्ही दोघी जातोय. तुम्ही घर पुसा आणि मावशींचं छत रंगवून घ्या."

"अगं, पण प्रवासाचा विमा माझ्या नावावर आहे! मावशींना काही झालं तर?"

"मी नर्स आहे," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ गुडघे टेकून पाचवी रेघ घासत होते. खडू कसा कुणास ठाऊक, फरशीत मुरला होता. घर इतकं सुनं वाटत होतं, की त्यांना स्वतःचाच राग आला. फोन वाजला. पलीकडून नुसता वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज आला, मग बायकोचं हसू. तसं हसताना त्यांनी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अहो, इथं पाणी सारखं रेघ ओलांडतंय! पुढं येतंय, मागं जातंय. तुमचा खडू संपेल हो!"

भाऊंनी फडकं बादलीत टाकलं.

"उद्याच्या बसनं येऊ का मी?"

"आणि विमा?"

"राहू दे," भाऊ म्हणाले. "तू आहेस ना तिथं."