मेले म्हणजे वर

आमच्या शेजारचे आप्पा कुणाकडं गेले की चहाच्या आधी डोळे मिटत, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत आणि तोंड वाकडं करून सांगत, "कपचा उडालाय." एका लग्नात रुखवतातल्या कोऱ्या टीपॉयला त्यांनी हाच निकाल दिला, तर मुलीची आई रडायलाच लागली!

निपाणीत आमची भिंतीला भिंत. तंबाखूच्या वखारीतनं रिटायर झाले आणि बेळगावच्या खडेबाजारातनं सनमायकाची गुंडाळी एसटीच्या टपावरनं घेऊन आले. स्वयंपाकाचा ओटा म्हणे घरीच करणार. तिथल्या सुतारानं त्यांना कन्नडात शिकवलं होतं, हातकरवतीनं कापताना चांगली बाजू 'मेले'. म्हणजे वर.

मी साताऱ्याकडची, तेव्हा इकडं नवी. मला काय ठाऊक? दुपारी पलीकडनं आरोळी आली, "मेले! मेले!" मी कणकेच्या हातानं अनवाणी धावले आणि त्यांच्या बायकोच्या, शांताक्कांच्या गळ्यात पडून रडायला लागले. आप्पा करवत धरून उभे. सनमायकाचा पत्रा उलटा ठेवला म्हणून स्वतःवरच ओरडत होते ते.

"वैनी, कोण गेलं वो?"

"तुम्हीच म्हणालात की!"

शांताक्का हसून हसून खाली बसल्या.

पुढं सहा महिने माझी दुपारची झोप गेली. रेघेवर चिकटपट्टी लावायची, पात्यानं ओरखडा काढायचा, मग करवत, मग कानस. शेवटी डोळे मिटून बोट. "कपचा!" की काढला पत्रा! असे तीन ओटे झाले. नापास तुकडे माझ्या गळ्यात. पोळपाटाखाली घातले, देवाच्या पाटाला लावले, उरल्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला छप्पर केलं.

एकदा भांडलेच. "आप्पा, वरणाचं पातेलंच ठेवायचंय ना त्याच्यावर? का तोंड बघायचंय?"

"वर न्हाय वैनी, कड बघा, कड."

त्या संध्याकाळी त्यांची वाटी परत द्यायला गेले. घरात अंधार, आणि शांताक्का चौथ्या ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत या टोकापासनं त्या टोकाला चाललेल्या.

"अक्का, दिवा लावू?"

"तुमच्यासाठी लावा की. मला काय, काचबिंदूनं सगळं सारखंच."

रोज बोलायचो आम्ही. मला कधी कळलंच नव्हतं.

"पहिल्या ओट्यानं बोट कापलं माझं," त्या म्हणाल्या. "चिडून म्हटलं, आता चूल सोडते. तवापास्नं हा माणूस पेटलाय बघा."

कोपऱ्यात आप्पा कानस घेऊन बसलेले. "लागतंय का गं कुठं?"

"कुठंच न्हाय."

"नीट बघ."

"बघितलं वो. च्या टाकते. साखर कुठाय?"

"मेले," आप्पा म्हणाले.

शांताक्कांचा हात कडेवरनं सरळ वरच्या फळीवर गेला. मी वाटी ठेवली आणि चहाला बसले.